आमदारांच्या कानावर

थोरल्या बाईंना कुणी ‘नाही’ म्हटलंय आणि त्यांनी ते ऐकून घेतलंय, असं गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं. मागे एकदा पाणीखात्याने कसलीतरी दुरुस्ती काढून लाँड्रीचं पाणी भर कामात तोडलं, तेव्हा बाईंनी साबण लावलेल्या दवाखान्याच्या चादरी हातगाडीत घातल्या आणि साहेबाच्या टेबलापुढे नेऊन ओतल्या. आता तुम्हीच खळबळून द्या, म्हणाल्या. साहेबाचे बूट फेसात बुडाले आणि संध्याकाळच्या आत नळाला धार आली. तेव्हापासून बाईंची ठाम समजूत झाली होती, की सरकार म्हणजे दुसरं काही नसतं, टेबलामागे बसलेला एक बाप्या असतो. आणि बाप्या कितीही मोठा झाला तरी लहानपणी कुण्या बाईनेच त्याचं नाक पुसलेलं असतं.

लाँड्री त्यांनी नवऱ्याच्या मागे स्वतःच्या हिमतीवर उभी केली. धुण्याचे मोठे ड्रम, वाळवायची दोन धूडं, इस्त्रीचं लांबलचक टेबल. तिथे कुजबुजायची सोय नव्हती. ड्रम फिरायला लागले की समोरच्या बाईला ‘टोक धर’ एवढं सांगायलाही बेंबीच्या देठापासून आवाज काढावा लागे. उभा जन्म त्या घरघराटात गेल्यामुळे बाईंना हळू बोलणं येतच नव्हतं. कानात सांगते म्हणून त्या जे सांगत, ते नाक्यावरच्या पंक्चरवाल्याला ऐकू जाई. सून म्हणायची, आमच्या आईंना गुपित सांगायचं तर आधी दोन्ही ड्रायर चालू करावे लागतात.

मुलगा लांबच्या ट्रकवर. घरी आला तर पाहुणा, गेला तर फोनवरचा आवाज. घर म्हणजे थोरल्या बाई, सून आणि नात. नात बाळपणी लोण्याचा गोळा होती म्हणून तिला ढमी म्हणत. आता तेराव्या वर्षी तिची नुसती काडी झाली होती. नाव तेवढं गुबगुबीत राहिलं होतं.

ती काडी का झाली, हे घरात बरेच दिवस कुणाला कळलं नाही. सरकारी शाळा ती. मुलींच्या संडासाच्या दाराला कडी नव्हती. कडीची मागणी वर गेली होती, आणि वर गेलेली वस्तू खाली येते हा नियम सरकारला लागू नाही. म्हणून मुलींनी आपली एक रीत पाडली होती: एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार धरून उभं राहायचं. शाळेत कुणाची मैत्रीण कोण, हे त्यावरूनच ठरे. तू कुणाचं दार धरतेस, असं विचारत पोरी. ढमीचं दार पहिलीपासून एकच पोर धरायची, नाक्यावरच्या पार्लरवालीची लेक. एक दिवस चार जणींच्या नादाने तिने ते सोडलं. नुसतं सोडलं नाही, ओढून सताड उघडलं. समोर पोरी उभ्याच होत्या. एकीच्या हातात फोन होता.

त्यानंतर ढमीने शाळेत पाणी पिणं सोडलं. मग डबा सोडला. मग बोलणं. आणि एका दुपारी ती वर्गाऐवजी शाळेच्या गच्चीवर सापडली, कठड्याच्या पलीकडे पाय सोडून बसलेली.

तिला खाली आणलं ते खोलीतल्या बाईंनी. सरकारी कागदावर त्यांचं समुपदेशक असं जीभ अडखळणारं नाव होतं, पण खेळाचं सामान ठेवायच्या खोलीत त्यांचं टेबल टाकलेलं, म्हणून पोरं त्यांना खोलीतल्या बाई म्हणत. आठवड्यातून दोन दिवस यायच्या. बाकीचे दिवस दुसऱ्या शाळांना वाटलेले. त्या दिवशी त्या होत्या, हेच नशीब. कठड्यापाशी त्या नुसत्या शेजारी बसल्या म्हणे, किती तरी वेळ, आणि हवेबद्दल बोलल्या. मग ढमी स्वतःच उठली.

त्या तिला चालत घरी घेऊन आल्या. इस्त्रीच्या टेबलाशी बसून त्यांनी सून आणि थोरल्या बाईंना सगळं सांगितलं, ढमीच्या देखत, तिला विचारून. वर शब्द घेतला, की हे या चौघींच्या बाहेर जाणार नाही. हेडमास्तरांना मी फक्त गच्चीचा जिना बंद करा एवढं सांगेन, म्हणाल्या. थोरल्या बाईंनी ढमीच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं. पुढे ढमी त्या खोलीत जाऊ लागली. घरी गप्पच असायची, पण खोलीच्या दिवशी वेणी स्वतः घालायची. मग एकदा दुसऱ्यांदा भात मागितला. सुनेने मोरीत जाऊन डोळे पुसले. थोरल्या बाईंनी तिला, भात मागितलाय, राज्य नाही मागितलं, म्हणून दटावलं आणि स्वतः ड्रायरमागे जाऊन तेच केलं.

आणि अशात बातमी आली, की राज्याच्या नव्या अंदाजपत्रकात शाळांना कात्री लागणार. दुरुस्त्या थांबणार, आणि खोलीतल्या बाईंसारखी सगळी पदं रद्द होणार.

पालकांनी गट केला. पुढारी केमिस्ट, त्याचा मुलगा ढमीच्या वर्गात. माणूस सज्जन, पण बोलायला लागला की औषधाच्या चिठ्ठीसारखा, कुणाला एक अक्षर लागू नये असा. त्याने ठरवलं, की अंदाजपत्रकावरच्या मतदानाच्या आधी विधानभवनात जायचं. आपल्या भागातले आमदार पैशाच्या समितीवर आहेत, त्यांच्या कानावर घालायचं. दुकानामागच्या खोक्यांवर बसून बैठक झाली. त्याने सांगितलं, आकडे मी देईन, पण आकड्यांनी कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, एखाद्या मुलाची खरी गोष्ट हवी, कुणाकडे आहे? सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसले. प्रत्येकाच्या घरी असणार. पार्लरवाली म्हणाली, आमच्या पोरी तशा मजेत आहेत बाई, शाळा टिकावी एवढंच. थोरल्या बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की इस्त्री असती तर कापड जळालं असतं.

निघायच्या दिवशी सुनेने लाँड्री सांभाळायची ठरलं. उंबऱ्यात तिने सासूची पिशवी हातात दिली आणि पिशवी न सोडता म्हणाली, “आई, तिथे तिचं काही काढू नका.”

“मला शिकवतेस?” थोरल्या बाई म्हणाल्या. “तिच्या डोक्यावर हात ठेवलाय मी.”

आणि त्या खरंच बोलत होत्या. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. आमदाराला चादरी कशा दाखवायच्या, एवढाच विचार होता.

पण विधानभवनात टेबलच नव्हतं. दगडी फरशीचा लांब बोळ होता, उंच दारं होती, आणि दाराशी पहारेकरी. फलक आत न्यायला मनाई, म्हणून ते दाराबाहेर भिंतीला टेकून ठेवायला लावले. बाकावर अर्ध्या जणांना जागा, उरलेले उभे. आत घंटा वाजायची, दार उघडायचं, पांढरे कपडे आणि फोन बाहेर पडायचे, दुसऱ्या दारात शिरायचे. बाईंनी त्या कपड्यांची कडक इस्त्री पाहिली आणि मनात म्हटलं, धुणारी कुणीतरी चांगली आहे. सकाळ गेली. केमिस्टने आपलं भाषण इतक्यांदा वाचलं, की कागद घामाने मऊ पडला.

शेवटी आमदार आले. थांबले नाहीत, चालता चालता बोलू या, लिफ्टपर्यंत वेळ आहे, म्हणाले. अख्खा गट त्यांच्यामागे वरातीसारखा निघाला. केमिस्टने आकडे काढले. पहिलाच आकडा चुकला, तो मागे गेला, पुन्हा सुरू केलं. आमदार हो हो म्हणत फोनवर बोट फिरवत होते. लिफ्ट दिसू लागली. थोरल्या बाईंनी लिफ्टचं दार पाहिलं, आणि त्यांना तिथे खोलीतल्या बाईंचं दार बंद होताना दिसलं. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी आमदारांची बाही धरली.

“साहेब, जरा बाजूला या. तुम्हाला एकट्यालाच सांगायचंय.”

बाजूला आले बिचारे. बाईंनी त्यांना खांबाच्या आडोशाला घेतलं आणि आपल्या समजुतीने अगदी हलक्या आवाजात सगळं सांगितलं. संडासाचं दार सांगितलं. दार धरणारी पहिलीपासूनची मैत्रीण सांगितली, तिने काय केलं ते सांगितलं. न प्यालेलं पाणी, न खाल्लेला डबा. गच्ची, कठडा, लोंबकळलेले पाय. दुसऱ्यांदा मागितलेला भातही सांगितला. दगडी बोळ तो. त्या आवाजाला तिथे ड्रमही नव्हते, ड्रायरही नव्हते. शब्दन् शब्द पार दुसऱ्या टोकाला जाऊन परत येत होता. पहारेकरी ऐकत होते. दुसऱ्या गावांहून आलेले गट ऐकत होते. आपला गट तर श्वास धरून उभा. बाईंना वाटलं, आमदार गंभीर झाले म्हणून सगळे शांत झालेत. त्या बोलून थांबल्या, तेव्हा त्यांच्याच आवाजाचं शेपूट, ‘भात मागितला हो साहेब’ असं, बोळाच्या कोपऱ्यातून त्यांना ऐकू आलं. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. केमिस्ट चष्मा पुसत होता. पार्लरवालीच्या तोंडावरचा सगळा रंग उतरला होता.

आमदारांचे डोळे खरंच भरले होते. त्यांनी बाईंचे दोन्ही हात हातात घेतले. “आजी, हे मी सभागृहात मांडलं तर चालेल? नाव घेणार नाही.”

या क्षणी नाही म्हणता आलं असतं. पण हात धरलेले होते, बाप्या रडत होता, आणि जन्मभर जिंकायची सवय. बाई म्हणाल्या, “मांडा. पण आमच्या बाई राहिल्या पाहिजेत.”

“मी पोटतिडकीने बोलेन,” आमदार म्हणाले.

तेवढंच कबूल केलं होतं त्यांनी, आणि तेवढं त्यांनी चोख केलं. दुपारच्या बैठकीत ते असे बोलले, की समोरच्या बाकांवरच्यांनीही मान खाली घातली. माझ्या भागातल्या, लोकांचे कपडे धुणाऱ्या एका गरीब घरातली तेरा वर्षांची लेक, म्हणाले. त्या भागात कपडे धुणारं घर एकच होतं. ते गरीब नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

परतीच्या बसमध्ये सगळे फोनवर तेच भाषण पुन्हा पुन्हा बघत होते. केमिस्टच्या अंगात बळ आलं होतं. हलवून सोडलं आजींनी, म्हणत होता. पार्लरवाली मागून उठून बाईंच्या शेजारी येऊन बसली.

“माझीच ना ती, मावशी?” तिने विचारलं.

थोरल्या बाईंनी नुसती मान हलवली.

“मला घरी येऊन सांगायचं होतं. मी तिला तुमच्या पायाशी आणून बसवली असती. तिथे कशाला सांगितलंत?” आणि थोड्या वेळाने नाक पुसून म्हणाली, “तुम्ही सांगितलंत हे बसमधलं कुणी बोलणार नाही. सगळ्यांची तोंडं मी धरते.”

भाषण त्यांच्या आधी घरी पोचलं होतं. सून लाँड्रीच्या दारात उभी होती. आतली मशिनं बंद होती, आणि ती वेळ मशिनं बंद असायची नव्हती. सून ओरडली नाही, रडली नाही. ढमी वर आहे, म्हणाली. वर्गातल्या कुणीतरी तिला ते पाठवलंय. तिला वाटतंय, खोलीतल्या बाईंनी सांगितलं. त्यांच्याशी पुन्हा बोलणार नाही म्हणते.

मग सुनेने आवाज खाली घेतला. “तसंच वाटू द्या, आई. त्या बाई आज ना उद्या चालल्याच. तुम्हाला या घरात राहायचंय.”

शहाणपणाचं होतं ते. थोरल्या बाईंनी जिन्याच्या पायऱ्या चढता चढता ते चारी बाजूंनी उलटून पाहिलं, आणि कुठेही खोट सापडली नाही. जाणाऱ्याच्या माथी मारायचं आणि राहणाऱ्याने सुखाने राहायचं; जगरहाटीच आहे. फक्त एक आडवं येत होतं. ज्या एका माणसापाशी पोरीने तोंड उघडलं, त्यानेच दगा दिला असं तिच्या मनाने घेतलं, तर ती जन्मात पुन्हा कुणापाशी उघडणार नाही. आजीने दगा दिला तर एक आजी जाईल.

ढमी भिंतीला पाठ लावून बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, “बाईंनी सांगितलं ना?”

“मी सांगितलं,” थोरल्या बाई म्हणाल्या. “त्यांनी एक अक्षर बाहेर काढलेलं नाही. मी.”

ढमीने वर पाहिलं. “किती जण होते?”

“बरेच होते.”

“हसले?”

“नाही गं बाळा. रडले.”

ढमीने त्यावर विचार केला. मग म्हणाली, “बघितलं मात्र सगळ्यांनी.”

त्यानंतर ती आजीशी बोलली नाही. रुसवा असता तर बाईंनी चार शिव्या आणि दोन पापे देऊन काढला असता. हा रुसवा नव्हता. ताट आजीने वाढलं तर ती मुकाट्याने खायची, आजीने हाक मारली तर उठून यायची आणि काम सांगेपर्यंत समोर उभी राहायची, दुकानात गिऱ्हाईक राहतं तशी. पण खोलीचा पुढचा दिवस आला, तेव्हा तिने वेणी घातली आणि ती गेली. बाईंनी खिडकीतून तिची पाठ पाहिली. एवढं एक त्यांच्या पदरात पडलं.

मतदान झालं. कात्री लागायची ती लागली. आपल्या आमदारांनी कात्रीच्या बाजूने हात वर केला. पक्षाचा आदेश होता, मन जड झालं होतं, असं त्यांनी केमिस्टला फोनवर सांगितलं. पण आजींचं बोलणं वाया जाऊ दिलं नाही म्हणाले. प्रत्येक शाळेच्या भिंतीवर मदतीसाठी एक फोन नंबर रंगवला जाणार होता. केमिस्ट लाँड्रीत येऊन हे सांगताना चष्म्याशी चाळा करत होता. सुरुवात तरी झाली, मावशी, म्हणाला.

“वरातीमागून घोडं ऐकलं होतं,” थोरल्या बाई म्हणाल्या. “तुम्ही घोड्याचं चित्र आणलंत.”

तरी त्या एकदा आमदारांच्या कचेरीत जाऊन आल्या. इथे टेबल होतं. टेबलामागे एक तरुण होता, त्याने त्यांना ओळखलं, उठून खुर्ची दिली, चहा मागवला, भाषण लाखो लोकांनी पाहिलं असं सांगितलं आणि त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला. साहेब दौऱ्यावर. उद्या या, म्हणाला. उद्या गेल्या तर परवा. ‘नाही’ कुणी म्हटलंच नाही. म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. चहा पिऊन बाई घरी आल्या, आणि त्या दिवशी त्यांनी स्वतःच्याच लाँड्रीत एकाही बाईला एकदाही सुनावलं नाही, म्हणून बायका घाबरल्या.

शेवटच्या दिवशी खोलीतल्या बाई निरोप घ्यायला आल्या. त्यांना दुसरीकडे कसलीतरी नोकरी मिळाली होती, पोरांची नव्हे. ढमी बोलते, म्हणाल्या, पण थोडं. अजून वर्षभर तरी हवं होतं. तिला एकटी सोडू नका आणि बोल बोल करून मागेही लागू नका. थोरल्या बाईंनी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणते का? तिथलं मी बाहेर काढत नाही, आजी, खोलीतल्या बाई म्हणाल्या. टोमणा नव्हता तो, पण लागायचा तिथे लागला.

गच्चीचा जिना अजून उघडाच होता. दार नव्हतंच तिथे कधी. थोरल्या बाई स्वतःच्या खर्चाने लोखंडी जाळी बसवून द्यायला तयार झाल्या, लोहाराला घेऊनच गेल्या. हेडमास्तरांनी हात जोडले. सरकारी इमारतीला खासगी माणसाने खिळाही ठोकायचा तर वरून परवानगी लागते, आणि अर्ज वर गेलेला होता. बाई म्हणाल्या, “मग खासगी म्हातारी चालेल का? ठोकावी लागत नाही, नुसती ठेवायची.” हेडमास्तरांनी नियम आठवून पाहिला. म्हाताऱ्यांबद्दल काही नव्हतं.

तेव्हापासून लाँड्री सुनेकडे आहे आणि थोरल्या बाई शाळेच्या वेळात गच्चीच्या जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी स्टुलावर बसतात. पोरं आधी हसली, मग सवय झाली. खोलीतल्या बाईंच्या खोलीत पुन्हा चेंडू आणि मोडके बाक आले. पार्लरवालीची लेक एक दिवस बाईंसमोर येऊन उभी राहिली, काही बोलेल असं वाटलं, पण घंटा झाली आणि ती पळाली. मधल्या सुट्टीत ढमी रोज तिथून जाते. एकटीच असते. आजीकडे बघत नाही. बाईही हाक मारत नाहीत; मारली तर सगळी शाळा ऐकेल.

परवा रंगारी आला. बाईंच्या पाठीमागच्या भिंतीवरच नंबर काढायचा होता, त्याने स्टूल जरा सरकवायला सांगितलं. बाईंनी ते जिन्याच्या बाजूनेच सरकवलं. निळ्या रंगात मोठाले आकडे काढून झाल्यावर, हा लावला की कोण बोलतं, म्हणून त्यांनी विचारलं. तो चांगला माणूस होता, त्याने खिशातून फोन काढून लावून दाखवला. नुसता लांब सूर ऐकू आला.

“अजून जोडला नसेल, आजी,” तो म्हणाला. “आम्हाला आधी रंगवायला सांगितलंय.”

मधली सुट्टी झाली. पोरांचा लोंढा आला आणि गेला. मागून ढमी आली, ओल्या रंगाकडे तिने क्षणभर पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, आणि पुढे वर्गाकडे वळली. तिची पावलं लांब जाईपर्यंत बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी पाय जरा लांब केले. दुपारची शाळा अजून उरली होती.